पामबीचवर नवरीची गाडी

(बोनकोड्यातलं एक गॅरेज. बॉनेट उघडं. सुचिताची आई गोजरा बाजूला.)

रूपेश : तू प्लगची गॅप अजून थोडी कमी कर ना, सुचिता. त्यानंच इंजिन खडखड वाजतंय. तुर्भ्याचा ट्यूनर बोलला.

सुचिता : गॅपमुळे गाडी झटके मारत होती, रूपेशदादा. तुम्ही व्हिडिओ बघून गॅप वाढवली, मग टर्बोचा जोर आला की ठिणगी विझायची. मी पत्ती लावून चारी प्लग सेट केले. झटके गेले. खडखड गेली काय?

रूपेश : नाय ना, काल चालवली तेव्हापण वाजत होती. म्हणून तर बोलतोय.

सुचिता : गॅप कितीपण कमी केली तरी नाय जायची. हा प्लग बघा. पांढऱ्या भागावर बारीक चमकते ठिपके दिसतात?

रूपेश : काजळी असेल.

सुचिता : काजळी बोटाला लागते. हा पिस्टनचा चुरा आहे. तुमच्या ट्यूनरनं पॉवरसाठी ठिणगीचं टायमिंग इतकं पुढे ओढलंय की आत पेट्रोल भलत्या वेळी भडकतं. खडखड त्याची आहे.

गोजरा : अगो सुचे, परवा तुजी हलद हाय! होनाऱ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाशी असा बोलतात? रूपेशराव, मनाव घेव नका. बाप गेल्यापासना एकटीनं गॅरेज चालवते, जीभ पन पान्यासारकी झाली.

रूपेश : टेन्शन नका घेऊ, मावशी. सुचिता, फक्त वरातीपुरतं चालू दे. पामबीच रोडवर आपल्या पोरांच्या गाड्या पळणार. नवरीची गाडी आमच्या करावे गावाच्या वेशीवर पहिली पोचते, ही आमची पद्धत हाय. माझ्या लग्नात पोचली होती. शिवतेजच्या लग्नात मागं राहिली तर गावात काय इज्जत?

सुचिता : मग आताच सांगते. टायमिंग मी आज सकाळीच मागं घेतलंय, टर्बोचा बूस्टपण उतरवलाय. गाडी मस्त चालेल. पहिली येणार नाय.

रूपेश : मला न विचारता? परत चढव!

सुचिता : नाय चढवणार.

रूपेश : गाडी माझी हाय!

सुचिता : गाडी तुमची, जीव माझा. भर वेगात पिस्टन फुटला, इंजिन जाम झालं, तर मागच्या सीटवर मी नि शिवतेज असणार. आणि पोरांच्या गाड्या आमच्याच मागून येणार.

रूपेश : काय नाय होत. महिनाभर पळवतोय मी.

सुचिता : म्हणून तर ठिपके पडलेत!

रूपेश : बघा मावशी, घरात यायच्या आधीच ही अशी. संध्याकाळपर्यंत गाडी होती तशी झाली नाय, तर हळद थांबली समजा.

गोजरा : अरे देवा! पत्रिका वाटल्या, मांडव घातला... सुचे, कर ना गो बाय. एका दिसाचा तर प्रश्न हाय.

सुचिता : एका दिवसाचा नाय, आई. आज हा आवाज मला ऐकू येत नाय असं बोलले, तर त्या घरात जन्मभर बहिरी होऊनच राहायला लागेल. दादा, थांबवायची तर थांबवा हळद. फक्त शिवतेजला विचारून. त्याला ठिपके मी कालच दाखवलेत.

रूपेश : काय बोलला तो?

सुचिता : बोलला, दादाला तू सांग, मला घाबरायला होतं.

रूपेश : बैल साला! बरं, ऐका. नवरीची गाडी घरातला थोरला चालवतो. मागं राहायला मी नाय बसणार स्टेअरिंगवर.

सुचिता : नका बसू. मी चालवते.

रूपेश : नवरी? शालू नेसून?

सुचिता : हो. आरामात, साठच्या स्पीडनं. पोरांना जाऊ दे पुढे, वेशीवर उभी राहतील. नवरी आल्याशिवाय वरात कुणाची काढतील?

रूपेश : मावशी, आता तुम्हीच समजवा हिला. तुमचं तरी ऐकेल.

गोजरा : सुचे.

सुचिता : काय, आई?

गोजरा : ती उंच टाचेची चप्पल नको घालू. क्लचवरना पाय सरकल.