बांधावरचं बाळंतपण

बसा ताई, पण आधीच सांगून ठेवते, मी फेकते. अख्ख्या गावाला ठाऊक हाय, हिरा आक्का दोनाचे वीस करते. माझ्या हातचं सुकटीचं कालवण खाऊन मेलेला कुत्रा उठून बसला असं मी एकदा बोलले, तर दोघंजण खरंच कुत्रा बघायला आले. तेव्हा जिथं मी बोलेन की हे फेकत नाय, तेवढं नीट लिहून घ्या. बाकीचं तुमच्या मर्जीवर.

जन्म माझा कर्जतच्या अंगाला, भिसेगावच्या पलीकडं. पाच बहिणी आमी, मी चौथी, बाप बोलायचा ही पोटातूनच बडबडत आली. सतराव्या वर्षी लग्न लावून इकडं खालापूरच्या बाजूला धाडलं. सासरी भाताची खाचरं, पावसाळ्यात शेती, बाकी महिने नवरा वीटभट्टीवर. आता तो नाय. मुलगा एकच, नितेश, टेंपो चालवतो, गुजरातला माल घेऊन जातो, आठ दिवसांत दोन दिवस घरी आणि ते पण घोरत.

तर ह्या नितेशच्या जन्माची माझी एक गोष्ट हाय. काय सांगू तुमाला, ती ऐकायला बाया भांडी तशीच टाकून यायच्या. लावणीचे दिवस, मी माहेरी पहिल्या बाळंतपणाला गेलेली, तरी खाचरात उतरले, हातात रोपांची जुडी, आणि कळ आली. ओरडले नाय. बांधावर बसले, पोर झालं, विळ्याने नाळ कापली, पोराला इरल्याखाली ठेवलं पाऊस लागू नये म्हणून, आणि राहिलेलं खाचर लावून घरी येऊन बापाला चहा करून दिला. आणि पोर? पोराने असा टाहो फोडला की वर घाटावर ऐकू गेलं, तिकडची माणसं बोलली खाली कोकणात कोण जन्मलं रं! पहिल्यांदा अर्धं खाचर होतं, मग दोन झाली, मागल्या वर्षी तर चिखलात रुतलेला बैल पण मीच ओढून काढला, पोर काखेत घेऊन. बाया हसून लोळायच्या. शेवटी मी बोलायची, आणि आताच्या पोरी, जरा उलटी झाली की खाटेवर!

अश्विनीला, माझ्या सुनेला, ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. तिसरा महिना लागला तेव्हापासून, जेवताना, पाणी भरताना, आल्यागेल्यासमोर. वीस वर्षांची पोर. आई लहानपणीच गेलेली, मामाने वाढवलेली, म्हंजे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर माहेरच नाय. मोहोपाड्याला कंपनीत पॅकिंगला जायची, ठेकेदाराकडं, आठ तास उभी. पोट दिसलं तर उद्यापासून नको बोलतील म्हणून ओढणी अशी पुढं पसरून घ्यायची. नवरा रस्त्यावर. आणि घरात मी, येता जाता बोलायची, पोटाचा आकार बघते ना, मुलगाच हाय, माझा डोळा चुकत नाय. ती हसायची. मला वाटायचं खूश हाय.

पाचव्या महिन्यात दवाखान्याची आशाताई आली, सुरेखा, आमच्याच गावची. हातात कागद. बोलली, अश्विनी, थोडे प्रश्न हायत, खरं खरं सांग. झोप लागते का गं? मी बोलले, झोप? कोंबडा ओरडून ओरडून थकतो तरी ही उठत नाय. सुरेखा बोलली, रडू येतं का? मी बोलले, रडायला काय झालं, घरात टीव्ही हाय, फ्रीज हाय, वर माझ्यासारखी सासू हाय. कशाची भीती वाटते का? मी बोलले, मला घाबरत नाय ती दुसऱ्या कोणाला घाबरणार! सुरेखा हसली, मी हसले, तिने कागदावर खुणा केल्या आणि गेली.

हे फेकत नाय. पहिल्या प्रश्नाला अश्विनीने तोंड उघडलं होतं. मी बोलत होते म्हणून तिने मिटलं. मी बघितलं होतं.

सातव्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, ओटी, पुरणपोळ्या, बायांनी घर भरलं. बाया बोलल्या, आक्का, बांधावरची होऊन जाऊ दे! मग काय, बैल, खाचर, घाट, सगळं झालं. अश्विनी पाटावर बसलेली, पाय साडीत ओढून घेत होती. मी तिची जोडवी सरळ करायला वाकले तर पाय एवढे सुजलेले की जोडवी बोटात रुतलेली. हलेनात. ती हळूच बोलली, आई, डोकं लय दुखतंय दोन दिवस. आणि मी, भरल्या घरासमोर, काय बोलले असेन? बोलले, बघा गं, बैल ओढायला नाय लावला अजून तर डोकं दुखतंय! सगळ्या हसल्या. ती पण हसली.

चौथ्या दिवशी कंपनीच्या गेटसमोर पडली. झटका आला, दातखीळ बसली. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तोवर पोट फाडून मूल काढलेलं. मुलगी. दोन महिने आधी आलेली, माझ्या ह्या तळव्यात मावेल एवढी, हे फेकत नाय, काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी. डॉक्टरीण विचारत होती, सूज कधीपासून, डोकं कधीपासून, कोणालाच कसं कळलं नाय? सुरेखा तिथंच होती. तिने माझ्याकडं बघितलं, बोलली काय नाय. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी अश्विनी नीट शुद्धीवर आली. दुपारची वेळ, मी पेज भरवत होते. ती बोलली, आई, माझंच चुकलं. तुमी बांधावर बाळंत होऊन परत चिखलात उतरलात, मला नुसतं उभं राहवलं नाय. डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण तुमाला काय तोंडाने सांगू?

ताई, मी पेजेची वाटी खाली ठेवली. आणि त्या खाटेवर बसून मी तिला सांगितलं जे तीस वर्षांत नवऱ्याला पण नीट सांगितलं नव्हतं. नितेश दवाखान्यात झाला, मी एवढी ओरडले की नर्स रागावली. त्याच्या आधी एक होती. मुलगी. मी सतरा-अठराची, माहेरी, दोन दिवस कळा, मग घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी मला रस्त्याकडं नेलं. पोर झोळीतच झाली, वाटेत, बांधावर. ती रडली नाय. आमी वाट बघितली, कोणीतरी पाठीत थोपटलं, उलटी धरली. नाय रडली. सासू बोलली, हे कोणापाशी काढायचं नाय, दुसरं होईल. मग हळदीकुंकवाला बाया माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या, ते मला सोसेना. नितेश झाल्यावर एकीने विचारलं, कसं झालं गं बाळंतपण, तर तोंडातून आलं, बांधावर झालं, आणि असं रडलं, असं रडलं की घाटावर ऐकू गेलं. बाया हसल्या. मग मी दर वेळी त्या पोरीला थोडं मोठ्याने रडवलं.

अश्विनीने तोंड भिंतीकडं केलं. मग बोलली, आई, हे आधी सांगायचं होतंत. एवढंच. शिवी दिली असती तर मी झेलली असती.

आता नात दहा महिन्यांची हाय. अजून नीट बसत नाय, डॉक्टरीण बोलते वेळ लागेल, किती ते सांगत नाय. अश्विनी माझ्याशी बोलते, भाजी काय करू, गॅस संपला, तेवढं. तिचं बरोबर हाय. सुरेखा कागद घेऊन आली की मी उठून शेळ्यांपाशी जाऊन बसते. आतलं काय ऐकत नाय. एकदा अर्धा तास लागला. तेवढा वेळ शेळीला पण काय सांगितलं नाय, विचारा तिला.

परवा कोणाच्या तरी डोहाळजेवणाला बाया बोलल्या, आक्का, बांधावरची सांगा. मी खरी सांगितली. एक म्हातारी बोलली, काय गं हिरे, शुभाच्या दिवशी? पण जिचं डोहाळजेवण होतं ती पोर जाताना मला बाजूला घेऊन बोलली, आक्का, माझे पण पाय सुजलेत. दुसऱ्या दिवशी मीच तिला शिळफाट्याला डॉक्टरकडं घेऊन गेले, रिक्षात एक शब्द बोलले नाय. हे फेकतेय. दोन बोलले.

थांबा, नात उठली वाटतं. ऐकलंत? रडते बघा कशी! रड गं बाय, रड, पोटभर रड, शंभर वर्षांची हो. लिहा ताई, घाटावर ऐकू गेलं असेल. नाय, तेवढं नाय. अंगणापर्यंत आलं. अंगणापर्यंत लिहा.