बाकीच्या आया

दवाखान्याच्या रांगेत जोझेलिन रडतं तान्हं घेऊन एकटीच उभी होती. अंगात ताप, हात भरून आलेले. पुढे जंगलातली माणसं होती. त्यातल्या बोकोका नावाच्या माणसाची लेक बापाच्याच छातीला लागून चोखत होती.

रांगेत मागे उभ्या एका दुकानदाराला राहवेना. "अरे, दूध येतं का त्यातून?"

"दूध नाही, पण रडं थांबतं. तुमच्यातून काय येतं?"

"हिची आई कुठंय?"

"एक आई जाळं घेऊन शिकारीला गेलीय. बाकीच्या आया या काय, उभ्या आहेत."

"आणि तू पुरुष असून शिकारीला नाही गेलास?"

"त्याला नेलं की ऐन वेळी खोकतो," म्हातारी मोसाबा म्हणाली. "सावज पळतं."

"एकदाच खोकलो, आत्या!"

"त्या रात्री काय खाल्लं रे आपण? तुझा खोकला?"

बाया खिदळल्या. जोझेलिनचं बाळ किंचाळलं.

"पोरी, याच्या बाकीच्या आया कुठं गेल्या?" मोसाबाने वळून विचारलं.

"मी एकटीच आहे."

"अगं बाई! आण इकडे."

जोझेलिनने क्षणभर बाळाला घट्ट धरलं, मग देऊन टाकलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

थोड्या वेळाने नर्सने विचारलं, "या बाळाची आई कोण?"

"मी," मोसाबा म्हणाली. "मी," दुसरी म्हणाली. "मी पण," बोकोका म्हणाला.

जोझेलिनने डोळे न उघडताच सांगितलं, "हो, त्याच."