आबांची कवळी

अगं, तुमच्याकडे सासरे सुनेसमोर कवळी काढतात का? आमचे आबा ती वाटीत ठेवायचे तेसुद्धा दार लावून.

माझ्या चिऊचे दुधाचे दात पार किडले होते. चार वर्षांची पोर, खुर्चीत बसून तोंड कुठली उघडतेय! तळेगावच्या डॉक्टर म्हणाल्या, "पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं करू. दाढा भरू, पण पुढचे दात काढावे लागतील. येताना उपाशीपोटी आणा." त्या दिवशी आबांनी चहासुद्धा घेतला नाही. "पोर उपाशी, आन् मी कसा पिऊ?"

रोज बालवाडीतून आणताना कान्हे स्टेशनपाशी तिला गोळ्या घेऊन देणारे आबाच. मी एका शब्दानं बोलले नव्हते, तरी ते त्यांना आतून खात होतं.

चिऊ भुलीतून उठली, तोंडात जीभ फिरवली आणि जी रडायला लागली, कुणाला ऐकेना. तेवढ्यात आबा पुढे झाले, माझ्यादेखत कवळी काढली नि म्हणाले, "ह्ये बघ, मला बी न्हाईत. आता आपुन दोगं सारखं."

रडं थांबलं. त्यांच्या हिरडीवर बोट फिरवत तिनं विचारलं, "आबा, तुमाला कुनी दिल्या गोळ्या?"

चिऊ गप्प झाली गं, पण मग आबांना कोण गप्प करणार?