बायकांची सीट

आदिलाबादहून नेरडीगोंड्याला जाणाऱ्या बसमध्ये, माझ्या मागच्या बाकावर:

"ऊठ बाबू, ही बायकांची सीट हाय."

"आजी, ही बाईच हाय ना माह्या मांडीवर. मी हिच्यासंग हाव."

"बाई म्हने! दोन महिन्याची तरी हाय का? सरक तिकडं. माय कुठं हाय हिची?"

"घरी."

"बिमार हाय का?"

"नाही, झोपली हाय."

"भर दुपारी? अन् तू लेकरू घेऊन कोन्या गावाले चालला?"

"कोन्याच नाही. नेरडीगोंड्याले जातो अन् त्याच गाडीनं वापस येतो. बागेत नेलं, बाजारात नेलं, पन ही गाडीतच झोपते. गाडी थांबली का रडते. तेवढाच हिच्या मायचा डोळा लागते."

"मले पाच झाले. माहा डोळा कवा लागला, काई आठवत नाही."

"आजी, तुमचा फाटा आला वाटते. कंडक्टर आवाज देऊन राह्यला."

"देऊ दे. हळू बोल."

"उतरत नाही का?"

"मी एकटीच हाव उतरनारी. माह्यासाठी गाडी थांबन, अन् ही उठन. हिची झोप होऊ दे, वापसीत उतरीन मी."