यंत्र वाजू नये म्हणून

...आणि वर आमचे हे मलाच म्हणतात, "देवाकडे मागताना जरा नीट मागत जा!" आता नीट म्हणजे कसं हो? देवाला काय नकाशा काढून देऊ? माणसं बंगले मागतात, गाड्या मागतात, जावेचं वाटोळं व्हावं असंसुद्धा मागतात, नाही असं नाही, आणि मी मागितलं काय, तर एका यंत्राने गप्प बसावं! एवढंच! तुम्हाला सांगते, आजवर इतके नवस केले, पण देवाचं उत्तर यायचं ते रमतगमत, वाटेत चार घरी चहा घेऊन आल्यासारखं. आणि नेमकं हे एक मागणं... हातोहात मंजूर! बरं, मला काय ठाऊक, मी काय मागतेय ते? आत काय आहे ते वरून कळतं का हो?

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलं.

आमचे सासरे, अण्णा. हे घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं आणि पुढे जन्मभर त्या घराचं कौतुक ऐकवून आम्हाला उन्हात उभं केलं! घरी कोणी पाहुणा आला की पाण्याआधी त्याला छत दाखवायचे. "वर बघा. या छतात सळई अशी ठासून भरलीये, की भूकंप आला तर लाजून परत जाईल!" पाहुणा बिचारा मान वर करून बघायचा. पांढरा रंग दिलेलं छत. त्याला काय दिसणार?

तर असे हे अण्णा एका सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि कोसळले. उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा शाबूत. बोलणंही गेलं, तीनच शब्द उरले. 'नको', 'चहा' आणि एक शिवी. शिवी मी सांगणार नाही, आज माझा उपास आहे. पण तिन्हींत उच्चार तिचाच स्वच्छ.

व्यायाम घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणाल्या, "पलंगावर छताला एक कडी बसवा, तिला पट्टा बांधा. डाव्या हाताने धरून आपले आपण उठून बसतील. असेच पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल आणि मग..." 'मग'पाशी त्या थांबल्या. अण्णा ऐकत होते ना. ऐकू सगळं येतं त्यांना, हीच तर पंचाईत!

म्हणजे बघा, सगळं त्या कडीवर आलं. माणूस उठून बसणार की नाही, ते एका कडीवर! आमच्या ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "होऊन जाईल." यांचं सगळं होऊनच जातं. करावं कोणालाच लागत नाही!

मग आला भोकवाला. खांद्यावर ड्रिल, तोंडात गाणं. "टेन्शन घेऊ नका ताई, सळई कुठे आहे ते मी छतावर नुसती टकटक करून सांगतो." जसा काही डॉक्टर! अण्णांच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून मी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत चादरीने झाकलं. केली टकटक. घर्रर्र... घर्रर्र... कर्रर्र! ठिणगी! "सळई लागली, ताई." जरा सरकला. घर्रर्र... कर्रर्र! "सळई लागली." इकडे, "सळई लागली." तिकडे, "सळई लागली." छताची चाळण झाली हो! आणि दर वेळी चादरीखालून खूं खूं असा आवाज. मी घाबरून चादर उचलली, तर अण्णा हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण छाती भरून! त्यांची सळई ना ती!

तेवढ्यात आवाज कसला म्हणून शेजारीण डोकावली. पलंगावर डोक्यापर्यंत चादर ओढलेला माणूस, शेजारी मी डोळे पुसत उभी... धूळ गेली होती हो डोळ्यांत! तिने दारातच हंबरडा फोडला. "गेले का गं अण्णा!" मी ओरडले, "अगं जिवंत आहेत, आम्ही भोक पाडतोय!" आणि चादरीखालून तो तिसरा शब्द आला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

भोकवाला म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तर कापून टाकतो. एक सळई गेली तर काय होतंय? बाकीच्या आहेत की!" म्हटलं, "बाबा रे, उद्या तुझी एक बरगडी काढते. बाकीच्या आहेत की!" गेला रागावून.

मग कोणीतरी सांगितलं, सळई शोधायचं यंत्र घेऊन येणारा एक माणूस असतो. छतावरून यंत्र फिरवायचं, खाली सळई असली की ते वाजतं, नसली की गप्प. वाजलं तिथे भोक पाडायचं नाही, गप्प बसलं तिथे पाडायचं. सोपं! ही अक्कल आधी सुचली असती तर छताची चाळण झाली नसती, पण आमच्या घरात आधी पाडायचं आणि मग बघायचं, अशीच रीत.

आता मी मनात काय हिशेब केला, ऐका. यंत्र वाजलं की अडलं, गप्प बसलं की सुटलं. म्हणजे देवाकडे मागायचं काय, तर गप्प बसू दे! चूक आहे का यात काही? तुम्ही काय मागितलं असतं? पण सोडायचं काय, हा प्रश्न. ह्यांच्या नोकरीसाठी वांगं सोडलेलं, मुलीच्या बाळंतपणासाठी बटाटा, अण्णा दवाखान्यातून जिवंत घरी यावेत म्हणून रात्रीचं जेवण. हे म्हणतात, "आता श्वास तेवढा राहिलाय, तोही सोडशील कोणाच्या तरी परीक्षेसाठी." उरला होता माझा सकाळचा चहा. कडक आणि गोडमिट्ट. सगळी निजलेली असताना एकटीने प्यायचा. तेवढंच सुख होतं हो मला. सोडली साखर! "देवा, यंत्र गप्प बसू दे, जन्मभर बिनसाखरेचा पिईन."

यंत्रवाला आला. बारीक माणूस, बोलणं नाही, चालणं नाही, नुसतं "हं." यंत्र म्हणाल तर लहान मुलाच्या मोटारीएवढं, खाली चाकं. स्टुलावर चढला, छताला लावून फिरवायला लागला. टिट्! टिट्! टिट्! जिथे न्यावं तिथे टिट्! मी डोळे मिटून देवाला सांगतेय, साखर गेली हं, साखर गेली, आणि वर टिट्! अण्णांचं अर्धं तोंड फुललेलं. यंत्रवाला म्हणाला, "सळया दाट आहेत. खडूने रेघा मारतो, मधली जागा सापडेल. वेळ लागेल." वेळ म्हटल्याबरोबर हे म्हणाले, "सोडा हो, शेजारी आमची खोली आहे ना, तिथे बघा. अण्णांना तिथेच झोपवू. होऊन जाईल."

आणि अण्णा ओरडले, "नको!"

आता 'नको' काय, ते औषधालाही म्हणतात. आम्ही लक्ष दिलं नाही.

आमची खोली म्हणजे मागे जोडलेली, अरुंद, घर बांधताना सगळ्यात शेवटी, आमच्या लग्नाआधी अण्णांनी घाईघाईने उरकलेली. या खोलीवरून मी किती धुसफुसले असेन, काय सांगू! नवी नवरी मी, आणि पाऊस आला की हे सासरे अपरात्री दार वाजवणार, "गळत नाही ना रे? तडा बिडा?" उकडायला लागलं की, "आत काय झोपताय, अंगणात झोपा, हवा चांगली असते." त्या खोलीच्या गच्चीवर कोणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत, कपडे वाळत घालायचे तर पलीकडच्या गच्चीवर! मी माहेरी जाऊन रडले होते, की सासरा आम्हाला खोलीत राहू देत नाही म्हणून! ह्यांचं आपलं, "म्हातारपणी होतं तसं." तेव्हा अण्णा पन्नाशीचेसुद्धा नव्हते! पण आत काय आहे ते वरून कळतं का?

तर यंत्रवाला आमच्या खोलीत चढला. यंत्र लावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेलं.

गप्प.

आडवं नेलं. गप्प. तिरपं नेलं. गप्प! मी तिथेच फरशीवर डोकं टेकलं. पावलास रे देवा! आणि ह्यांना म्हटलं, "आणा अण्णांना, आणा आत्ता!" शेजारणीचा नवरा आणि हे, दोघांनी पलंगासकट उचलून आणले. अण्णा सगळ्या वाटेने ओरडताहेत, "नको! नको! नको!" डाव्या हाताने दाराची चौकट आवळून धरलेली, एकेक बोट मी सोडवलं. या हाताने! "अण्णा, घाबरू नका, देव पावलाय" असं म्हणत म्हणत सोडवलं...

इकडे यंत्रवाल्याचा चेहरा काही खुलेना. त्याने यंत्रातले सेल बदलले. खाली उतरून खिडकीच्या गजाला लावलं, टिट्! अण्णांच्या लोखंडी पलंगाला लावलं, टिट्! पुन्हा वर, गप्प. फक्त एके ठिकाणी वाजलं. पंख्याच्या हुकाजवळ. तो हूकच होता.

"हं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "मग? पाडा ना भोक, आता कुठेही पाडा!" त्याने बोट वर केलं. म्हणाला, "ताई, वर गच्चीवर काय आहे?"

हे अभिमानाने म्हणाले, "पाण्याची टाकी! नवीन. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा बसवून टाकली, एरवी कुठे बसवू देणार होते!"

"भरलेली आहे?"

"काठोकाठ. आत्ताच पंप बंद केला."

तो स्टुलावरून असा उतरला, असा उतरला, जसं खाली बाळ झोपलंय. आणि हळूच म्हणाला, "सगळे बाहेर या. धावू नका. आजोबांना आधी काढा."

तुम्हाला सांगते, पलंग बाहेर काढताना अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. आत नेताना घर डोक्यावर घेतलं होतं, बाहेर आणताना गप्प. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज पंप सुरू झाला, वर टाकीत पाणी पडायला लागलं की अण्णा "नको, नको" करायचे. आम्ही म्हणायचो आवाजाचा त्रास होतो, आणि त्यांच्या कानात कापूस घालायचो. कापूस, हो!

मग घरातले सगळे नळ सोडले. टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही अंगणात उभे. एवढं पाणी वाहून गेलं, आणि मी, जी थेंबासाठी भांडते, ती देवाचं नाव घेत म्हणतेय, अजून वाहू दे. संध्याकाळी लोखंडी टेकू आले. आता आमच्या खोलीत पलंगाच्या जागी टेकूंचं रान आहे. ते छत उतरवावं लागेल म्हणतात. आम्ही स्वयंपाकघरात झोपतो. हे म्हणतात, "होऊन..." आणि पुढे बोलतच नाहीत. पहिल्यांदाच.

मी अण्णांजवळ बसले. विचारलं, "अण्णा, सळई कमी पडली होती?" ते भिंतीकडे बघायला लागले. "या मोठ्या खोलीतच सगळी संपली? आणि आमच्या लग्नाची तारीख तोंडावर आली होती?" डाव्या डोळ्यातून पाणी आलं, कानापर्यंत गेलं. "माझ्यासाठीच घाई केलीत ना? सून यायच्या आत खोली व्हावी म्हणून?"

अण्णा म्हणाले, "चहा."

रागवायचं कोणावर? इतकी वर्षं आम्ही त्या छताखाली घोरलो आणि हा माणूस शेजारच्या खोलीत जागा. दर पावसाला जागा! सांगायचं तर तोंड होतं तेव्हा लाज होती, आणि लाज गेली तेव्हा तोंडही गेलं. आत काय आहे ते वरून... जाऊ दे. चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी यंत्रवाला मुकाट्याने पुन्हा आला. मोठ्या खोलीच्या छतावर त्याने खडूने रेघा मारल्या, टिट् झालं की रेघ, टिट् झालं की रेघ, आणि छतावर चौकटी चौकटी उमटल्या. मी खालून बघतेय आणि मला एकदम वाटलं, अगं बाई, हे यंत्र तर इतका वेळ "आहे, आहे, आहे" म्हणत होतं! आणि मी देवाला म्हणत होते, त्याला गप्प कर! एका चौकटीच्या मधोमध भोक पाडलं. घर्रर्र... कर्रर्र नाही. कडी बसली. यंत्रवाला स्वतः लोंबकळला, छत हललं नाही.

आणि अण्णा उठून बसले. पट्टा धरून, दात आवळून, कुणाचा हात न घेता. त्यांची पाठ मी किती दिवसांनी बघितली! मी रडले, हे रडले, यंत्रवाला "हं" म्हणाला. आणि उठून बसल्यावर अण्णांना समोर दिसलं काय? उघडं दार, आणि आमच्या खोलीतले टेकू. मी धावत जाऊन दार लोटलं. ते म्हणाले, "नको." उघडंच ठेवायला लावलं. अजूनही उघडंच असतं. रोज उठून बसतात आणि तिकडे बघतात.

आता राहिला माझा नवस. ह्यांना विचारलं, सुटतो का हो हा? म्हणाले, "देवाने तर तुझा शब्दनशब्द ऐकला. फेड आता. आणि पुढच्या वेळी देवाकडे मागताना जरा नीट मागत जा!" मागितलं ते मिळालं हो. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

तेव्हा आता रोज सकाळी अण्णा कडी धरून उठून बसतात आणि गोडमिट्ट चहा पितात. समोर मी, बिनसाखरेचा घेऊन. आज सकाळी त्यांनी माझं तोंड बघितलं असावं. डाव्या हाताने कसाबसा आपला कप माझ्याकडे सरकवला. सांडला थोडा. मी म्हटलं, "अण्णा, नको. नवस आहे. यंत्र वाजू नये म्हणून बोलले होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारातून टेकूंकडे बघितलं. आणि तो तिसरा शब्द काढला. स्वच्छ! कोणाला म्हणाले, मला, देवाला, गवंड्याला की स्वतःलाच... आत काय आहे ते वरून कळतं का हो?

मी चहाचा घोट घेतला. कडू. आणि खरं सांगते, मनातल्या मनात मीही तो शब्द म्हणून बघितला.

उपास असून.