दहा बाटल्या

हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या अर्नाळा किल्ल्यावर, म्हणजे बेटावर, आरोग्यवाले सारखे कुठून येणार? म्हणून सरांनी आम्हा नववीच्या मुलींना कामाला लावलं. प्रत्येकीने शेजारच्या दहा घरांच्या ड्रममधलं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचं आणि वर घराचं नाव चिकटवायचं. त्यात डासांच्या अळ्या आहेत का, ते आरोग्य केंद्रात बघणार होते.

लोकांच्या दारात जाऊन 'ड्रम उघडा' म्हणायला माझी जीभच उचलेना. मी दहाही बाटल्या आमच्याच ड्रममधून भरल्या आणि सुंदर अक्षरात दहा नावं लिहिली. आमचं पाणी स्वच्छच असणार, असं मी धरून चालले होते.

दहाही बाटल्यांत अळ्या निघाल्या.

आरोग्यवाले होडीने आले आणि त्या दहा घरांचे ड्रम ओतून गेले. एवढ्या कष्टाने भरलेलं गोडं पाणी अंगणातून वाहत होतं. शेजारची हिरामावशी कळवळून म्हणाली, "मी दर शनवारी ड्रम घासते ओ, साहेब!"

"बाटली खोटं बोलत नाही, मावशी."

आमच्या नावाची बाटलीच नव्हती, त्यामुळे आमच्या ड्रमला कुणी हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या भावाला हिवताप झाला. हिरामावशी पेज घेऊन आली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून आईला म्हणाली, "माफ कर गो बाय, आमच्याच पान्यातले डास चावले असतील पोराला."

आई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "असू दे, मावशी."