हैबतरावांचा मुटका

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. मन प्रसन्न असलं म्हणजे माणूस आवडीचं काम करतो — का आवडीचं काम केलं म्हणजे मन प्रसन्न होतं? आधी काय? बोला की!

ते मागचे आजोबा म्हणतात, "बुवा, आधी चहा." बरोबर आहे आजोबा. तोही ह्यातच येतो. ऐका आता.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव. नाव सांगत नाही, तिथले चार जण समोर बसलेत. त्या गावात हैबतराव शिंगटे. एसटीचे ड्रायव्हर, आता रिटायर झालेले. अंगानं दणकट, आवाज असा की हॉर्नची गरज नाही! आणि नाद कसला? विहिरीत पोहण्याचा. पोहणं म्हणजे काय नुसतं? मुटका! गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी आवळायचे आणि काठावरून धपकन् — असं पाणी उडायचं, की पलीकडं वाळत घातलेली धुणी पुन्हा ओली! बायका शिव्या द्यायच्या. हैबतराव पाण्यातून विचारायचे, "कुठवर उडालं?"

अशा माणसाला काय झालं? तर काहीच झालं नाही! घर ठीक, पेन्शन चालू, लेक सुखात नांदतेय. आणि एका उन्हाळ्यात हैबतराव भिंतीकडं तोंड करून निजले. उठेनात. दाढी वाढली. विहीर सुटली. पारावर जाणं सुटलं. ताटात वाढलेलं खायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत.

त्यांची बायको हौसाबाई. ती विचारायची, "अहो, दुखतंय काय?"

"काय न्हाई."

"मग उठा की."

"कशाला?"

आता सांगा, ह्या 'कशाला'ला काय उत्तर द्यायचं?

गाव समजूत घालायला आलं. गाव समजुतीला कधी मागं नसतं! एक म्हणाला, मन घट्ट करा. दुसरा म्हणाला, बाहेरचं काहीतरी आहे, कोंबडं लागंल. कोंबडं झालं. कोंबड्याचं काय ते वाईट झालं, हैबतराव होते तसेच!

शेवटी त्यांचा दोस्त निवृत्ती लोहार एक दिवस रिक्षा घेऊन आला. म्हणाला, "हैबती, चल." विचारलं नाही, चल म्हणाला. तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई होत्या — मुजावर मॅडम. त्यांनी आधी सरळच विचारलं, "हैबतराव, जीव नकोसा वाटतो का?"

हौसाबाईनं पदर तोंडाशी धरला. हैबतराव भिंतीकडं बघू लागले. मग म्हणाले, "सकाळ हुऊ नये, असं वाटतं."

मंडळी, शेजारी निजणाऱ्या बाईला हे त्या दिवशी कळलं.

मॅडमनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "हा आजार आहे, तुमची चूक नाही. आता सांगा, पूर्वी काय केलं की बरं वाटायचं?"

"पवायला जायचो."

"मग उद्यापासून जायचं."

"मन न्हाई लागत, बाई."

"लागू नका देऊ. मन लागायची वाट बघत बसलात, तर माणूस घरातच राहतो. घरात राहिला की मन आणखी बसतं. आधी पाय हलवा. मन मागनं येतं — उशिरा येतं, पण येतं."

हौसाबाई एकदम ओरडली, "विहिरीवर नको! बाई, तुम्ही आत्ता ऐकलंत ना काय म्हणले ते?"

"ऐकलं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून एकट्यानं जायचं नाही. निवृत्तीभाऊ बरोबर उतरतील. तुम्ही काठावर बसा. आणि असलं काही पुन्हा बोलले, तर तडक इकडं यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं काय बघितलं? पुढं निवृत्ती, मधे हैबतराव, मागं हौसाबाई. हैबतरावांच्या कमरेला दोर! दोराचं टोक बाईच्या मनगटाला! कुणीतरी विचारलं, "म्हस धुवाया चाललीय काय?" हौसाबाई म्हणाली, "व्हय." आणि चालू लागली.

पायऱ्यांनी उतरले, डुबकी मारली, वर आले. निवृत्तीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"पाणी वल्लं हाय."

झालं! एवढाच अनुभव. तुम्हाला वाटलं असेल, बुवा आता सांगतील — डुबकी मारली आणि चमत्कार झाला! तसं होत नाही, मंडळी. पुढं कितीतरी दिवस पाणी नुसतं ओलंच होतं. एखाद्या दिवशी ते उठायचेच नाहीत. मग निवृत्ती ओट्यावर येऊन बसायचा, रागवायचा नाही. "पवू नगंस. काठावर बसून च्या पिऊ," म्हणायचा. काठावर चहा पिऊन परत यायचं. मॅडम म्हणाल्या, तेही चालतं.

आणि एका दुपारी जेवताना हैबतराव म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय."

हौसाबाई उठली, चुलीपुढं गेली आणि ढसाढसा रडली! तुमच्यात कितीजणी नवऱ्यानं आमटीला नाव ठेवल्यावर आनंदानं रडल्यात? हात वर करू नका, घरी भांडणं होतील. पण त्या बाईला विचारा. इतके महिने ज्याला मीठ आहे का नाही हे कळत नव्हतं, त्याला आज कळलं होतं.

मग ती सकाळ आली. निवृत्ती पुढं पायऱ्यांवर उतरला होता, विहिरीवर गावाची वर्दळ होती. हैबतराव पायऱ्यांकडं गेलेच नाहीत. काठावर उभे राहिले, खाली बघत. म्हणाले, "हौसे, दोर सोड."

तिनं दोर आणखी आवळून धरला. "कशाला?"

तोच शब्द, मंडळी! पण आता विचारणारी ती, आणि उत्तर द्यायचं त्यांना.

हैबतराव म्हणाले, "मुटका मारायचाय. दोरात पाय गुंततोय. पाणी कुठवर उडतंय, बघू."

हौसाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. पाणी कुठवर उडालं हे बघायला माणसाला वर यावं लागतं — एवढं तिला कळलं. तिनं गाठ सोडली.

धपकन्!

नखशिखांत भिजली बाई. पाण्याकडं बघत उभी. बुडबुडे आले... मग डोकं आलं. "कुठवर उडालं गं?"

"मेल्या, लुगडं भिजवलंस माझं!" असं म्हणाली ती — नवऱ्याला, भर गावासमोर! आणि खाली बसून हसायला लागली. गोळ्या पुढं वर्षभर चालू होत्या. वाईट दिवसही अधूनमधून आले. पण हैबतराव भिंतीकडं तोंड करून पुन्हा पडून राहिले नाहीत.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात कुणी भिंतीकडं तोंड केलंय का? त्याला 'मन घट्ट कर' सांगून आलात का? उद्या जा. समजूत काढू नका. दवाखान्यात न्या, आणि येताना जे त्याला आवडायचं तिथं घेऊन जा — त्याला आवडलं नाही तरी!

आणि तुमच्यातच कुणी तसा बसला असेल, दिसायला नीट, आतून बसलेला — त्याला विठ्ठलाच्या साक्षीनं सांगतो, आता भजन होईल. मन लागणार नाही. हरकत नाही. तू फक्त हात वर घे. टाळी वाजव!